सान्वीसाठी बिनपावाचा बर्गर

मंगळवारी संध्याकाळी महादेवपुऱ्यातल्या आमच्या घरी एक छोटी पाहुणी जेवायला होती, आणि मला दुपारपासूनच धडकी भरली होती.

पाहुणी म्हणजे खालच्या मजल्यावरची सान्वी. माझ्या ईराची मैत्रीण, दोघी तिसरीत. त्यांच्या घरी मराठी येत नाही, आमचं बोलणं हिंदीतच. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे... अंगावर पुरळ उठते तसली नाही, थेट श्वास अडकतो. तिची आई रम्या तिला कुणाकडे बिस्किटसुद्धा खाऊ देत नाही.

पण त्या दिवशी रम्या ऑफिसात अडकली, नवरा गावाला गेलेला. फोनवर इतकं संकोचून विचारलं बिचारीनं... मी मोठ्या तोऱ्यात "अरे, उसमें क्या" म्हणून टाकलं. फोन ठेवला आणि आपण काय बोलून बसलो ते कळलं.

कारण मी पुण्याची. आमच्या स्वयंपाकघरातून शेंगदाणा वजा केला तर उरतं काय... खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट. ऑफिसचा कॉल म्यूट करून मी कामाला लागले. कुटाचा डबा, चटणी, लाडू, सगळं पिशवीत कोंबून बेडरूमच्या कपाटात टाकलं. मिक्सरची भांडी घासली, ओटा पुसला, परत पुसला. "आई, आज पूजा आहे का?" ईरानं विचारलंच.

मुलींना बर्गर हवा होता. बाहेरून मागवायची छाती होईना, आणि घरातल्या पावाच्या पिशवीवर बारीक अक्षरात शेंगदाण्याचा इशारा छापलेला. म्हटलं मरू दे, पावच नको. बर्गरच्या आतलं सगळं बाऊलमध्ये घालू... आठवड्याच्या मधल्या दिवशी तेवढंच हलकं जेवण, माझ्या वजनालाही बरं.

लेट्यूस हातानं तोडलं. काकडी, टोमॅटो, कांद्याच्या चकत्या, चीजचे तुकडे. राजमा उकडून, कुस्करून त्याच्या टिक्क्या परतल्या, कडा चांगल्या कुरकुरीत होईपर्यंत. घट्ट दह्यात मस्टर्ड आणि थोडा केचप घालून सॉस. वरून काहीतरी राहिल्यासारखं वाटलं आणि हात आपसूक कुटाच्या डब्याकडे गेला... डबा जागेवर नव्हता म्हणून वाचले. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

बाऊल दिसत होते छानच. ईरानं लगेच खायला सुरुवात केली. सान्वी मात्र नुसती बघत बसली. वाकून वास घेतला, काटा उचलला, परत ठेवला. मला वाटलं, पोरीला पाला आवडत नसणार. पाव नाही म्हणून हिरमुसली असेल.

मग ती अगदी हळू म्हणाली, "आंटी... तेल कौनसा है?"

मी सांगणार होते, नेहमीचंच गं... आणि ओट्यावरच्या बाटलीकडे नजर गेली. आमच्याकडे तेल म्हणजे शेंगदाण्याचं तेल. तेही घाण्यावरचं, चांगलं खमंग वासाचं. जन्मापासून आम्ही त्याला नुसतं 'तेल' म्हणत आलोय, त्यात शेंगदाणा आहे हे डोक्यातच येत नाही. सगळं घर धुऊन काढलं आणि टिक्क्या परतल्या त्याच तेलात.

मी बाऊल जवळजवळ हिसकावलाच. खाल्लं नाहीस ना, जिभेला लावलं नाहीस ना... ती मान हलवत राहिली आणि मी विचारत राहिले. तिचे हात साबणानं धुतले, टेबल पुसलं. ती कायम बरोबर बाळगते ते अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनचं पाउच मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसले, तिचा श्वास बघत. ती बिचारी मलाच घाबरली असेल.

एक क्षण वाटलं, रम्याला सांगूच नये. काही झालं तर नाहीये... सांगितलं की ही पोरगी परत आपल्या घरी जेवणार नाही. कदाचित कुणाच्याच घरी नाही. पण न सांगता रम्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार होते मी? लावला फोन. तेलापासून सगळं सांगितलं, एका दमात.

मला वाटलं, संपलं आता. आता ही बोलेल, आणि बोललीच पाहिजे.

"उसने खुद पूछा?" तिनं विचारलं.

हो म्हटलं. आणि रम्या रडायला लागली. मग हळूहळू सांगितलं तिनं... मागे एका वाढदिवसाला सान्वीला वास आला होता, शंका आली होती, पण भिडेपोटी गप्प बसून तिनं तो केक खाल्ला. तिथून थेट हॉस्पिटल. तेव्हापासून रम्या तिला घरी रोज शिकवतेय, विचारायचं, लाजायचं नाही. पण परक्या घरात पोरगी तोंड उघडायचीच नाही. आज पहिल्यांदा उघडलं.

नाक ओढत रम्या म्हणाली, "अब क्या खिलाओगी उसको?" मला आधी कळलंच नाही... म्हणजे माझ्याकडेच जेवू देतेय ही.

मग फ्रिजमधली न चिरलेली काकडी-टोमॅटो, चीजचं नवं पाकीट, कुकरात राहिलेला नुसता उकडलेला राजमा, ताजं दही. घासलेली स्टीलची सुरी-ताटली. सान्वी शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्टीला विचारत होती, आंटी, इसमें क्या है? मीठ घालतानासुद्धा विचारलं. मी प्रत्येक वेळी सगळं सांगत गेले, पाकिटं दाखवत गेले.

जेवली पोटभर. पावाची आठवणही काढली नाही.

सान्वीबाई, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी लिहिते... विचारलंस म्हणून थँक यू गं. अशीच सगळ्यांच्या घरी विचारत जा. कुणी वैतागलं तर वैतागू दे.