एका झग्याचे दोन राजे

माझी आत्या सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळत होती. कपडेपट म्हणजे रंगमंचाच्या बरोबर खालचं तळघर. तिथे डांबराच्या गोळ्यांचा वास, अकरा कपाटं, पायाने चालवायचं शिलाई मशीन, एक जड इस्त्री आणि आत्या. वर नाटक रंगलं की खाली छतातून धूळ गळायची. किती धूळ गळते यावरून आत्या नाटक कसं चाललंय ते सांगायची, आणि ते समीक्षकांपेक्षा बरंच खरं निघायचं. पालिकेच्या संस्कृती खात्यात मला कारकुनी लागली तीही तिच्याच ओळखीने. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे दिवे लावले ते कोणाच्या जिवावर, हे तुम्हाला कळायला हवं.

आमच्या शहरात भाषा पाच-सहा तरी असतील. प्रत्येक भाषेची एक नाटकमंडळी, आणि नाटक म्हणजे काय ते फक्त आपल्यालाच कळतं अशी प्रत्येक मंडळीची खात्री. नाट्यगृह बांधलं तेव्हा पालिकेने राजाचा झगा मात्र एकच घेतला, लाल मखमलीचा, गळ्याला जरीची पट्टी असलेला. भाषा कितीही असल्या तरी राजा एका वेळी एकच असणार, असा काहीतरी विचार त्यामागे असावा.

झग्यासाठी मुख्य ओढाताण दोघांत होती. एक बेकरी कामगारांच्या मंडळीचा दिग्दर्शक. तो अंगाने इतका लहान की सगळे त्याला पावशेर म्हणत. दुसरा बंदरावरच्या मंडळीचा, सव्वासहा फूट उंच, त्याचं नाव दीपस्तंभ. दोघांच्या भाषा वेगळ्या, आणि राजाचं काम दोघेही अर्थातच स्वतः करत. पावशेरचा प्रयोग शुक्रवारी, दीपस्तंभाचा रविवारी. म्हणजे शनिवारी सकाळी एकजण झगा परत करायला यायचा आणि दुसरा माप द्यायला. आत्या दर आठवड्याला झग्याची खालची दुमड उसवायची आणि पुन्हा घालायची. मखमलीने हे कसं सोसलं ते मखमलीलाच माहीत.

आत्याला सगळ्या मंडळींच्या भाषा येतात असा शहरात समज होता. प्रत्यक्षात तिला प्रत्येक भाषेतली पाच वाक्यं येत होती: हात वर कर, श्वास सोड, पोट आत घेऊ नकोस, हलू नकोस, आणि एक शिवी. एवढ्या भांडवलावर माणसाशी किती जवळचं बोलता येतं, ते मी तिच्याकडे पाहून शिकलो. म्हणजे शिकलो असं मला वाटत होतं.

शनिवारचं भांडण ठरलेलं असायचं. ते शहराच्या मोडक्यातोडक्या सामाईक बोलीत चालायचं, कारण दोघांनाही समोरच्याला आपला अपमान नीट समजावा अशी तळमळ होती.

"तू माझं मरण चोरलंस," दीपस्तंभ स्टुलावर उभा राहून गरजायचा. "राजा सिंहासनावर बसून मरतो, हे माझं आहे!"

"मरायला आता तुझी परवानगी काढू का?"

"मर ना! पण स्वतःचं मर! आणि मरताना एवढं बोलू नकोस. लोकांना शेवटची बस पकडायची असते."

आत्याच्या ओठांत टाचण्या. ती पावशेरच्या हातात खडू द्यायची, त्याला दीपस्तंभाच्या टाचांशी बसवायची आणि म्हणायची, "बोल काय ते, पण रेघ सरळ मार."

मग पावशेर घरी जाऊन आपल्या राजाची चार वाक्यं गुपचूप कापायचा. दीपस्तंभ पावशेरच्या नाटकातली म्हातारी राणी ढापून आपल्या नाटकात घालायचा. अकरा वर्षांत दोन्ही नाटकं इतकी सुधारली की बंदरावरचे लोक बेकरीवाल्यांचं नाटक बघायला येऊ लागले. कशासाठी, तर चोरीचा माल ओळखायला. पण तिकीट काढून यायचे, आणि शेवटी डोळे पुसत बाहेर पडायचे.

अशात पालिकेने शहराचं सांस्कृतिक वैविध्य धोरण जाहीर केलं. कलाक्षेत्रात भाषाभाषांमधला संवाद वाढवायचा, असं त्यात चौसष्ट पानं लिहिलं होतं. ती पानं एकाच भाषेत होती; बाकीची भाषांतरं प्रक्रियेत होती. संवाद वाढवायचा तर त्याला जागा हवी, म्हणून नाट्यगृहातल्या एका खोलीचं संवाद दालन करायचं ठरलं, आणि धोरणासाठी नेमलेल्या समितीचा डोळा तळघरावर गेला. समिती येऊन बघणार होती. कपडेपटात भाषाभाषांचं येणंजाणं दिसलं तर तो राहणार, नाहीतर जाणार.

आत्याच्या निवृत्तीला चार वर्षं होती. घरी आतोबा आणि त्यांचा टीव्ही, दोघांचेही आवाज मोठे.

"मला इथून उचलून घरी बसवलंत ना," ती म्हणाली, "तर मी वेडी होईन. आधीच सांगून ठेवते."

"आत्या, तू काळजी करू नकोस. मी आहे ना खात्यात."

मी लागलीच कामाला लागलो. दोन्ही राजांना बोलावून घेतलं आणि दम भरला. आत्याची जागा राहायला हवी असेल तर शनिवारी समितीसमोर एकही वावगा शब्द नको, आवाज नको, माणसासारखे वागा. दोघांनी माना डोलावल्या. आत्यावर दोघांचाही जीव होता, आणि तिच्यासाठी इतका मोठा त्याग करायला ते तयार झाले.

आत्याला मात्र हे पटलं नाही. "अरे, भांडू दे की त्यांना. भांडले नाहीत तर बोलणार काय?"

"समितीला सुसंवाद बघायचाय, आत्या. तू यात पडू नकोस."

शनिवारी अध्यक्षबाई दोन सदस्यांना घेऊन उतरल्या. पावशेर आणि दीपस्तंभ इस्त्रीचे शर्ट घालून, भांग पाडून, हातांची घडी घालून बसले होते. झगा टेबलावर होता.

"आधी आपण घ्या," पावशेर म्हणाला.

"छे छे, आपणच."

"नाही, आपला मान मोठा."

असं दहा मिनिटं चाललं. झगा टेबलावरच राहिला.

अध्यक्षबाईंनी पावशेरला विचारलं, "तुम्ही यांचं नाटक बघता का?"

"बघतो ना."

"काय आवडतं त्यातलं?"

या माणसाला दीपस्तंभाच्या नाटकातली प्रत्येक चूक तोंडपाठ होती. त्यावर तो जेवणखाण विसरून बोलू शकला असता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सगळंच."

"आणि तुम्हाला यांचं?"

"सगळंच," दीपस्तंभ म्हणाला.

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहिलं. आत्याला राहवेना. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "अहो बाई, यांचा राजा बसून मरतो ना, त्यावरून या दोघांचं—"

मी खोकलो. मोठ्याने खोकलो. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. तो खोकला आजही माझ्या घशात अडकलेला आहे.

समिती आभार मानून जिना चढून गेली. वर दार लागल्याचा आवाज आला मात्र, दीपस्तंभ उसळला.

"सगळंच? अकरा वर्षं डोकं खातोस, आणि आता सगळंच?"

"मग तू काय वेगळं बोललास? माझ्या नाटकावर तुझं एवढंच मत?"

आणि जे भांडण झालं! दुसऱ्या अंकावर झालं, राणीवर झालं, राजाने मरताना कुणाकडे बघावं यावर झालं. पावशेर खुर्चीवर चढून दीपस्तंभासारखा मरून दाखवत होता, दीपस्तंभ पावशेरसारखा. दोघे एकमेकांच्या भाषेतली वाक्यं न चुकता म्हणत होते. मी जिन्याकडे धावलो, दोन-दोन पायऱ्या चढून रस्त्यावर आलो. समितीची गाडी वळण घेत होती. मी हात हलवला, तेव्हा अध्यक्षबाईंनीही हसून हात हलवला.

महिन्याभरात अहवाल आला. कपडेपटात भाषिक गटांमध्ये कोणतंही आदानप्रदान आढळलं नाही, राजाच्या झग्याला मागणी दिसली नाही. मात्र भिन्न भाषिक गटांना एकत्र, शांतपणे बसवण्याचं कौशल्य खात्याच्या एका कारकुनाने दाखवलं, त्याची नोंद घेण्यात यावी. नोंद घेतली गेली. मला संवाद दालनाचा समन्वयक नेमलं. आत्याला सन्मानपत्र देऊन मुदतीआधी मोकळं केलं.

मी माझं नेमणुकीचं पत्र घेऊन तिच्याकडे गेलो. मी नाही घेतली ही जागा तर दुसरा कोणीतरी घेईल, असं बरंच काही पाठ करून गेलो होतो.

"घे जागा," ती म्हणाली. "पण मला समजावू नकोस."

आता तळघरात पांढऱ्या भिंती आणि गोलात मांडलेल्या बारा खुर्च्या आहेत. प्रत्येक मंडळीला धोरणातून स्वतःचा नवा झगा मिळाला, मापाचा, दुमड घालायची गरज नसलेला. त्यामुळे कोणी येत नाही. क्वचित कोणी तुटलेलं बटण घेऊन डोकावतो, विचारतो, "ताई कुठे गेल्या?" मी त्याची नोंदवहीत सही घेतो आणि संवादात सहभागी म्हणून धरतो. खात्याला आकडा लागतो.

मागच्या आठवड्यात आत्या आली. तिची एक कात्री जुन्या कपाटात राहिली होती. कपाटं कधीच भंगारात गेली, हे मला तिला सांगता येईना. ती एका खुर्चीवर बसली आणि वर छताकडे पाहिलं. छताला आता पत्रे ठोकलेत, धूळ गळत नाही.

"पावशेरला मरायला किती वेळ लागतो रे हल्ली?"

"अकरा मिनिटं."

"अगं बाई! आणि कोणी सांगत नाही त्याला?"

"कोण सांगणार?"

ती उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हाताने सवयीने वही पुढे केली. आत्याने माझ्याकडे बघितलं, पेन घेतलं आणि सही केली. या महिन्याच्या अहवालात संवादात सहभागी झालेल्यांची संख्या नऊ आहे. त्यातली एक ती.