मी जुन्या ग्रुपवरच थांबलो

आमच्या घराण्यात संशय रक्तातूनच येतो, असं माझी बायको म्हणते. मला ते मान्य नाही. पण हे तिला सुचवलं कोणी, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

ही गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. आमच्या भाऊबंदांचा फोनवर एक ग्रुप होता. अकरा घरं, अकरा फोन, सगळे रिठद गावाच्या आजूबाजूच्या दोन-तीन खेड्यांत पांगलेले. सगळी दुनिया ज्या जुन्या अॅपवर आहे, त्याच अॅपवर आमचाही ग्रुप. सकाळी त्यावर देवाचे फोटो यायचे, दुपारी सोयाबीनचे भाव, आणि संध्याकाळी कोणाची तरी गाय हरवलेली असायची. मी स्वतः फार लिहीत नसे. वाचायचो मात्र सगळं, आणि कोणी काय लिहून पुन्हा पुसलं याकडे माझं खास लक्ष असे.

मे महिन्यात माझ्या चुलत भावानं त्यावर लिहिलं, "सगळेजन नव्या अॅपवर या. आपल्या देशाचं आहे. म्या तिकडं ग्रुप काढला. हे जुनं मी काढून टाकून राह्यलो."

हा चुलत भाऊ माझ्याहून वर्षभरानं मोठा. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसलो. आमची वावरंही शेजारी आहेत. त्याचं वावर सडकेला लागून, माझं त्याच्या मागे. मला माझ्या वावरात गाडी, ट्रॅक्टर, काहीही न्यायचं तर त्याच्या वावरातूनच न्यावं लागतं. हा रस्ता आमच्या बापांच्या वेळेपासून चालत आला आहे, कागदावर कुठंच नाही. पायी जायला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाता येतं, पण दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघालं की मळणीचं मशीन आत गेलंच पाहिजे. त्यानं त्या पट्ट्यात तूर पेरली तर ती संक्रांतीपर्यंत उभी राहणार आणि माझा माल आतच सडणार. आमच्याकडे सख्खे भाऊ अशा रस्त्यांपायी एकमेकांच्या मयतीला जात नाहीत.

तेव्हा नव्या अॅपवर जायचं की नाही, हा प्रश्न बाकीच्यांना फोनचा वाटला. मला तो वावराचा वाटला. कारण जुन्या ग्रुपवर त्याचा एक आवाजाचा मेसेज होता.

दोन वर्षांपूर्वी मी त्याला ग्रुपवरच विचारलं होतं, उद्या मशीन आणू का म्हणून. त्यानं चौदा सेकंदांचं उत्तर बोलून पाठवलं. "अबे, इचारून काहून राह्यला? तो रस्ता तुह्या बापाचा न माह्याबी बापाचा. मशीन आण, टॅक्टर आण. म्या अडवलं तं मले येऊन मार." मागे वहिनी त्याला चहाला हाका मारत होती. तेव्हा मी हसलो आणि विसरून गेलो. आता पेरणी तोंडावर आली असताना तोच माणूस म्हणत होता की जुनं सगळं काढून टाका.

दुसऱ्या दिवशी तो चहाच्या टपरीवर भेटला.

"तू आला नाही नव्यावर," तो म्हणाला.

"बदलायचं काहून? जुनं बिघडलं काय?"

"फोन भरून गेला न माहा. दुकानात दाखवला तं तो म्हणे, हे काढा, नवं टाका, हलकं आहे."

"आन् जुने मेसेज?"

"जाऊ दे न ते. त्यात काय ठेवलं आहे?"

त्यात काय ठेवलं आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, असं मी चहा संपायच्या आत ठरवून टाकलं. चहा त्यानंच पाजला. त्याचाही मला संशय आला.

खरं सांगायचं तर जुन्या अॅपवर माझा फार जीव होता असं नाही. घरात मोटारपंपाचा विषय निघाला की तासाभरात फोनवर पंपाच्या जाहिराती सुरू होतात. ते सगळं ऐकतं याबद्दल मला तरी शंका नाही. पण ते परक्यांचं आहे, आणि परक्याला माझ्या धुऱ्याशी काय करायचं आहे? नवं आपलं आहे म्हणत होते. आपल्यांचीच तर मला भीती. शिवाय फुकट. शिवाय मी एकदा ते उतरवून उघडलं, तर उघडल्याबरोबर त्यानं विचारलं की तुमच्या फोनमधली सगळी नावं बघू का. दारात आलेला पाहुणा पाणी घ्यायच्या आधी कपाट कुठं आहे असं विचारू लागला, तर त्याला कोणी आत घेत नाही. मी ते तिथंच काढून टाकलं.

बायकोकडे बटणांचा फोन. या बाबतीत तिला मत असायचं काही कारण नव्हतं, तरी होतं. "सगळे गेले तं तुमीबी जा. एकट्यानं तिथं बसून कोणाचं काय राखून राह्यले?" ती म्हणाली. मी काय राखत होतो ते तिला सांगितलं नाही. ती वहिनीला सांगेल आणि वहिनी त्याला, असा माझा हिशेब.

मग ग्रुपवर एकेक ओळ येऊ लागली. अमुक बाहेर पडले, तमुक बाहेर पडले. आठवडाभरात दहाही फोन गेले. सगळे गेल्यावर अॅपनं आपणहून मलाच ग्रुपचा अॅडमिन केलं. मला त्यातही थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढं जूनमध्ये चुलत भाऊ मला वावरात टेप घेऊन उभा दिसला. सोबत ट्रॅक्टरवाला होता. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप धरून दोघं काहीतरी मोजत होते. मी धुऱ्यावर बाभळीच्या आड थांबलो. पन्नाशी उलटलेला माणूस बाभळीच्या आड उभा राहतो म्हणजे काय, याची लाज मला आज वाटते. तेव्हा फक्त काटे टोचत होते. त्यानं ट्रॅक्टरवाल्याला बोटानं दाखवलं, इथून इथपर्यंत. झालं, मी म्हटलं, रस्ता पेरणार.

घरी येऊन मी ते चौदा सेकंद पुन्हा ऐकले. मग तो मेसेज पुण्यातल्या मुलाला पाठवला, अनसिंगच्या बहिणीला पाठवला, आणि मेमरी कार्डात घालून कार्ड कागदात गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवलं. बहिणीनं उलट विचारलं, हे काय आहे, दादाचा आवाज काहून पाठवला? मी लिहिलं, ठेव, कामी येईल.

मग मी तालुक्याला गेलो. तहसीलीसमोर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यातल्या एकापुढं बसलो आणि सगळं सांगितलं. त्यानं लिहिता लिहिता हात थांबवला.

"रस्ता अडवला काय?"

"अजून नाही. अडवनार आहे."

"अडवनार आहे असा अर्ज होत नाही. अडवला असंच लिहा लागते."

"पण अडवला कुठं आहे?"

"अहो, अर्ज चालाले दोन महिने लागते. तवलोक अडवलेलाच असन. तुमी म्हणता न, पक्कं आहे म्हणून?"

मी म्हटलं, पक्कं आहे. त्यानं लिहिलं, गैरअर्जदाराने वहिवाटीचा रस्ता जाणूनबुजून अडविला आहे. गैरअर्जदार म्हणजे माझा भाऊ. मी ते दोनदा वाचलं आणि सही केली. आपण एक पाऊल पुढं राहिलो याचं समाधानच वाटलं.

जून संपता संपता पेरण्या झाल्या. एक दिवस बायको म्हणाली, "जाऊबाई सांगत होत्या, त्यायनं तुमच्या मशीनसाठी पट्टा सोडला म्हणे." मी वावरात जाऊन पाहिलं. खरंच सोडला होता. तुरीच्या आणि सोयाबीनच्या ओळी रस्त्याच्या कडेला येऊन थांबल्या होत्या, आणि पट्टा आधीपेक्षा रुंदच दिसत होता. कोणालाही आनंद झाला असता. मी म्हटलं, नोटीस पोचली वाटतं, घाबरला.

बायकोला तेव्हा अर्जाचं सांगावं लागलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "अजून वेळ आहे. जा आन् अर्ज मांगं घ्या," ती म्हणाली. मी म्हटलं, अर्ज मागं घेतला की पुढच्या वर्षी पेरेल. त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

जुलैत मंडळ अधिकारी जागा पाहायला आले. तलाठी होते, दोन पंच होते, मी होतो. भाऊ आधीच येऊन उभा होता. माझ्याकडे पाहिलं नाही. अधिकाऱ्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला, जाणूनबुजून अडविला आहे, आणि समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं. त्या रस्त्यावरूनच त्यांची मोटारसायकल आत आली होती.

"अडवला कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"आता सोडला," मी म्हणालो. "नोटीस गेली म्हणून सोडला, साहेब."

भावानं खिशातून फोन काढला, नवं अॅप उघडलं आणि फोन अधिकाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तेही मोठ्यानं वाचलं. पेरणीच्या चार दिवस आधी त्यानं नव्या ग्रुपवर लिहिलं होतं की औंदा मशीनवाल्यानं मोठं मशीन घेतलं आहे, ते जुन्या रस्त्यात मावणार नाही, म्हणून टेप लावून दोन तासं, म्हणजे पेऱ्याच्या दोन ओळी, जास्तीची सोडतो आहे. खाली माझ्यासाठी एक ओळ होती. तो अजून इकडं आला नाही, कोणी भेटलं तर त्याले सांगा. अधिकाऱ्यांनी तारीख पाहिली, मग नोटिशीच्या पावतीवरची तारीख पाहिली. नोटीस त्या मेसेजनंतर बारा दिवसांनी कोतवालानं त्याच्या हातात दिली होती.

इथं तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते आणि माझं डोकं फिरलं. मी माझा फोन काढला. "माह्याकडंबी पुरावा आहे," म्हणालो आणि चौदा सेकंद लावले. भर वावरात त्याचा आवाज निघाला. मशीन आण, टॅक्टर आण. म्या अडवलं तं मले येऊन मार. मागे वहिनीची चहाची हाक.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "ते तर म्हणतात रस्ता तुमचा आहे. मग तुमची तक्रार काय?"

तलाठी हसले. पंचांपैकी एक जण दुसरीकडे तोंड फिरवून हसला. भाऊ हसला नाही. तो माझ्या फोनकडे पाहत होता.

"हे तू जपून ठेवलं?" तो म्हणाला. "मी तं इसरूनबी गेलो होतो बोललो ते. रस्ता होताच न. त्याचं काय ध्यानात ठेवा लागते?"

पंचनाम्यात लिहिलं गेलं, रस्ता खुला आहे, अर्जदाराची तक्रार निराधार. मी खाली सही केली. या वेळी मात्र दोनदा वाचलं नाही.

सगळे गेल्यावर मी त्याच्या मागे मागे सडकेपर्यंत गेलो. माफी मागायची होती. ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत, म्हणून दुसरंच बोललो. "मले त्या नव्या ग्रुपमधे घे," म्हणालो.

"कायले?" तो शांतपणे म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. "तुले तोंडचं चालत नाही. मी तुले आता लेखीच देत जाईन."

मला वाटलं रागात बोलला, चार दिवसांनी विसरेल. तो विसरला नाही. पोळ्याच्या आधी पहिला कागद आला, दोन प्रतींत, सुवाच्य अक्षरात. प्रति, श्री. पुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आपणास कळविण्यात येते की, आपल्या मळणीच्या मशीनसाठी रस्ता खुला आहे. पोच द्यावी. ज्यानं आयुष्यभर मला अबे म्हटलं, त्याच्या हातचं ते 'आपणास' मी ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा वाचलं. बायकोनं कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला. दसऱ्याच्या आसपास मशीन आलं, त्या रुंद रस्त्यानं आरामात आत गेलं आणि माल घरी आला. तो त्या दिवशी वावरात फिरकला नाही.

जुना ग्रुप अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मी एकटा. नव्यावर बाकी सगळे, आणि तिथं काय चाललं आहे ते मला बायकोकडून कळतं, तिला जाऊबाईंकडून. कोणी मला बोलावलं नाही, आणि आपणहून जायचं तोंड मला उरलेलं नाही.

मागच्या महिन्यात तो स्वतः दारात आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. या मुलीला मी लहानपणी खांद्यावर बसवून बाजारात नेलं आहे. मी उठलो, बस म्हणालो, बायकोनं आतून चहाचं विचारलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. त्यानं पिशवीतून पत्रिका काढून माझ्या हातात दिली, मग एक कोरा कागद काढला. त्यावर त्यानं लिहिलं होतं, निमंत्रण मिळाले. खाली सहीसाठी रेघ ओढलेली होती. त्यानं पेन पुढं केला.

मी पेन घेतला. "सगळ्यायकडून अशीच पोच घेऊन राह्यला काय?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "त्यायले म्या तोंडानं सांगतलं."