लपवलेल्या कप्प्यातला दादा

दुकान दोघा भावंडांचं. दादा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि धाकटी गिऱ्हाइकं, सुटे भाग आणि दादाचा राग सांभाळायची. चाळिशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. काम तिलाही येत होतं, पण दादा असेपर्यंत पेचकस तिच्या हाती क्वचितच लागायचा.

दादाची एक पद्धत होती. नवं मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी तो ते पूर्ण तयार करायचा, तपासायचा आणि मग अख्ख्या मशीनची जशीच्या तशी नक्कल डिस्कच्या एका लपवलेल्या कप्प्यात ठेवून द्यायचा. गिऱ्हाइकाला तो कप्पा दिसायचाच नाही, म्हणून चुकून पुसला जायची भीती नाही. पुढे व्हायरस शिरला, काही बिघडलं, की ती नक्कल पुन्हा चढवायची. मशीन पहिल्या दिवसासारखं. "त्यांना काय वाट्टेल तो गोंधळ घालू दे," दादा म्हणायचा, "मशीनचं बालपण मी त्याच्या पोटात दडवून ठेवलंय."

पोटात दुखतंय म्हणून दादा दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही. सगळं इतक्या झटपट झालं, की धाकटीला रडायचंही सुचलं नाही. दुकान विकून टाकावं असं तिच्या मनात घोळत होतं, तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई बंद पडलेला लॅपटॉप छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या.

"दादा नाहीत, कळलं मला. पण दुसरीकडे न्यायला मन होईना. तुम्ही बघाल का?"

नाही म्हणणं तिला जमलं नाही. तिने आधी बाईंच्या फायली बाजूला काढल्या, मग लपवलेला कप्पा उघडून नक्कल चढवायला लावली. मशीन सुरू झालं. फायली परत ठेवायला तिने फोटोंचा कप्पा उघडला, तर तिथे एक फोटो आधीच होता. त्यात दादा होता. कॅमेऱ्याच्या अगदी नाकाशी, एक भुवई वर, काहीतरी पुटपुटत असल्यासारखा. कॅमेरा चालतो का ते बघायला त्याने तो काढला असणार आणि पुसायचा विसरला असणार. नकलेबरोबर तोही आत जाऊन बसला होता. धाकटी स्टूल ओढून त्या फोटोसमोर बसली.

दुकान विकायचं राहूनच गेलं.

मग एकेक मशीन येत गेलं. शिवणकाम करणाऱ्या मावशींचं, गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं. नक्कल चढवली, की प्रत्येकात दादा. सुरुवातीला ती त्या क्षणाची वाट बघायची, जीव लावून. पण मशीनं काही क्रमाने येत नव्हती. आज जुनं, उद्या अलीकडचं. त्यामुळेच एक दिवस तिच्या डोळ्यांत भरलं. नव्या मशीनांतल्या दादाची कॉलर गळ्याभोवती ढिली होती. गाल बसले होते. औषधवाल्याच्या मशीनमध्ये तर त्याने एका हाताने टेबलाची कड घट्ट धरली होती आणि ओठ आवळले होते. मशीनची तारीख दादा जायच्या चांगलं दीड वर्ष आधीची.

आणि त्याच्या मागे, दर फोटोत, ती स्वतः. फोनवर बोलणारी, खोकी रचणारी. या फोटोत तर ती त्याच्याकडेच बघून हसत होती.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिने औषधवाल्याच्या मशीनमधला फोटो छापून आणला होता, तो पुढे केला.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला. "हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, धाकटीला कळलं तर ती मला दुकानात पाय ठेवू देणार नाही. घरी बसवलंत तर मी आधीच मरेन."

"दिवसभर मी समोर असायचे, वहिनी. हाताच्या अंतरावर."

"मी तर रात्रंदिवस होते. काय करू शकले?" वहिनींनी फोटो उलटा करून घड्यांवर ठेवला. "हा शर्ट किती वेळा सांगितलं टाकून द्या म्हणून. लोंबायचा अंगावर."

वहिनींनी उरलेले कपडे तिच्याकडे सरकवले आणि तीही घड्या घालू लागली.

धाकटी दुकान अजून चालवते. दादाच्याच पद्धतीने नक्कल लपवून ठेवते, फक्त कॅमेरा भिंतीकडे वळवून तपासते. दादाच्या हातची मशीनं हळूहळू कमी होत चालली आहेत. कुणाची डिस्कच जळते, आणि डिस्क गेली की तिच्यातला तो कप्पाही जातो. परवा डॉक्टरीणबाई भेटल्या रस्त्यात. म्हणाल्या, जुना लॅपटॉप भंगारात दिला, आता नवा घेतलाय.

"बरं केलंत," धाकटी म्हणाली, आणि कोपऱ्यापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेली.