चला, तुमची खुर्ची बघू

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात ओव्हाळ मॅडमकडे मान दुखते म्हणून गेलेला माणूस गोळ्या घेऊनच परतेल, असा नेम नसे. त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर त्या टेबलावरचा चष्मा उचलत, पायांत चपला सरकवत आणि म्हणत, ‘‘चला, तुमची खुर्ची बघू.’’ मग पेशंट पुढे आणि डॉक्टर मागे अशी जोडी आवारातल्या झाडांखालून त्याच्या विभागाकडे निघे. वाटेत भेटणाऱ्यांना कळायचं, आज कुणाच्या तरी टेबलाची तपासणी आहे.

मी परीक्षा विभागात काम करते. त्या आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या एका सहकाऱ्याच्या मानेसाठी. त्याला म्हणाल्या, रोज बसता तसे बसा आणि मी इथे नाही असं समजून काम करा. स्वतः भिंतीला टेकून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. नंतर कपाटावर धूळ खात पडलेले निकालांचे दोन जाडजूड खंड काढून त्यांनी त्याच्या कॉम्प्युटरखाली सरकवले. ‘‘पडदा डोळ्यांसमोर हवा, मांडीवर नको. औषध देते, पण दिवसभर तुम्ही मानेचं जे चालवलंय ते तुम्हालाच थांबवायला लागेल.’’

डॉक्टरने असं दारोदार का हिंडावं, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील कारखान्यात कामगार होते. ‘‘तिथे कुणाचं बोट कापलं की आधी यंत्र थांबवून बघायचे. ऑफिसात बोट कापत नाही, म्हणून खुर्ची कुणी बघत नाही.’’

ओव्हाळ मॅडम ठेंगण्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, बारीक कापलेले केस, आणि आवाज असा की तीन टेबलं पलीकडे ऐकू जावा. त्या लाघवी वगैरे अजिबात नव्हत्या. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे त्यांना कळत नसे. त्या भिंतीकडे बघत थांबत आणि रडणं संपलं की पुढचा प्रश्न विचारत. आमच्यातल्या काहींना त्या आगाऊ वाटत आणि ते तसं बोलूनही दाखवत. मॅडमच्या कानावर ते जाईच. त्यांचं त्यावर काही म्हणणं नसे.

माझं दुखणं मानेचं नव्हतं. लघवीला जळजळ, कणकण, ओटीपोटात दुखणं. औषधानं बरं व्हायचं आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू. मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, पाणी किती पिता? मी म्हटलं, भरपूर. त्या म्हणाल्या, ‘‘कमी पिते असं सांगणारं मला आजवर कुणी भेटलं नाही. तरी माझ्याकडची औषधं संपतायत.’’ आणि लिहिणं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हा मी खरं ते सांगितलं. सकाळी कात्रजहून बसमध्ये बसले की संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मी पाण्याला शिवत नसे. आमच्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. दुसरं स्वच्छतागृह जिने उतरून, अंगण ओलांडून जुन्या इमारतीत. तिकडे जाऊन येईपर्यंत खिडकीवर विद्यार्थ्यांची रांग लागायची आणि आमचे देवधर साहेब घड्याळाकडे बघायचे. हे सांगताना मला विलक्षण संकोच वाटला. विभागातल्या आम्हा सगळ्या बायकांचं तसंच चाललं होतं, पण आपापसातसुद्धा आम्ही कधी त्याविषयी बोललो नव्हतो.

मॅडमनी औषध लिहून दिलं आणि चपला घातल्या.

देवधर साहेब आमचे सहायक कुलसचिव. माणूस सरळ, पण नियमाबाहेर पाऊल टाकणार नाही. त्यांच्या केबिनला प्लायवूडची अर्धी भिंत होती, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. साहेब सांगत होते की उत्तरपत्रिका ठरावीक काळ जपून ठेवणं बंधनकारक आहे, जागेसाठी वर कळवलेलं आहे, आणि हे खातं काही आरोग्य केंद्राचं नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे तुमचं. पण मला आत्ता जायचंय. तुमच्या बायका जिथे जातात, तिथे मला घेऊन चला.’’

साहेब म्हणाले, शिपाई सोबत देतो.

‘‘शिपाई नको. आपण चला.’’

आम्ही खिडकीतून बघत होतो. भर एप्रिलचं दुपारचं ऊन. साहेबांचे गुडघे दुखत, ते एकेक पायरी कठडा धरून उतरले. अंगण ओलांडलं. मॅडम आत गेल्या, साहेब जुन्या इमारतीच्या भिंतीच्या अरुंद सावलीत अवघडून उभे राहिले. येणारे-जाणारे त्यांना नमस्कार करत होते, आणि आपण इथे का उभे आहोत हे त्यांना कुणालाच सांगता येत नव्हतं. दोघं परत वर आले तेव्हा साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी पाणी मागवलं आणि अख्खा पेला संपवला.

कुलूप लगेच निघालं नाही. गठ्ठे हलवायची परवानगी, नळ दुरुस्त करणारा माणूस, मोडकं दार, यात पावसाळा उजाडला. एका सकाळी दार उघडं दिसलं, एवढंच. त्या आठवड्यापासून आमच्या टेबलांवर पाण्याच्या बाटल्या दिसू लागल्या. मॅडम एकदा येऊन गेल्या. माझ्याजवळ वाकून त्यांनी विचारलं, ‘‘कडी नीट लागते ना आतून?’’ मी हो म्हटल्यावर निघून गेल्या. मला त्यानंतर तो त्रास फारसा झाला नाही.

पुढे विद्यापीठाने कर्मचाऱ्यांसाठी आरोग्यावर व्याख्यान ठेवलं आणि वक्त्या म्हणून मॅडमनाच उभं केलं. सभागृह भरलं होतं, कारण नंतर बटाटेवडे होते. मॅडम म्हणाल्या, ‘‘पायी चाला, मीठ कमी करा, वेळेवर झोपा, हे तुम्हाला रोज सकाळी फोनवर येतं आणि तुम्ही ते पुढे पाठवता. मी ते सांगणार नाही. यातलं तुम्हाला काय जमत नाही आणि का, ते तुम्ही मला सांगा.’’ मग ग्रंथालयातल्या एकीने सांगितलं की दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात आणि काउंटरमागे साधं स्टूल नाही. मग लेखा विभागातला एक जण, मग वसतिगृहातले लोक. वडे गार झाले तरी माणसं बोलत होती.

त्यांची काही वाक्यं आमच्याकडे म्हणींसारखी रूढ झाली. जेवणाच्या सुट्टीत कुणी डब्याशेजारी काम उघडून बसलं की दुसरा म्हणायचा, फाईल पचत नाही. सांधेदुखीवर यूट्यूब बघून उपाय करणाऱ्या एका प्राध्यापकांना त्या म्हणाल्या होत्या, ‘‘छान. आता गुडघाही त्यालाच दाखवा.’’ चालायला वेळ नाही म्हणणाऱ्याला त्या कधी उपदेश करत नसत. ‘‘फोन आला की उठून उभे राहा. तेवढं तर कुणाला विचारून करावं लागत नाही ना?’’ मी अजूनही फोनवर उभी राहूनच बोलते.

एका मोठ्या निकालाच्या दिवशी दुपारी देवधर साहेबांनी माझ्याकडे ॲसिडिटीची गोळी मागितली. पंखा चालू असून त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते सारखा जबडा चोळत होते. मी गोळी शोधते म्हणून बाहेर आले आणि मॅडमना फोन लावला. त्या जवळजवळ पळतच आल्या. नाडी, रक्तदाब बघितला आणि म्हणाल्या, हॉस्पिटल, आत्ता. साहेब म्हणाले, संध्याकाळी निकाल लागला की लगेच जातो, जळजळ नेहमीचीच आहे.

मॅडम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. ‘‘साहेब, निकाल लागेलच. तो बघायला तुम्ही हवेत की नकोत, एवढंच ठरवा.’’

साहेब उठू लागले. मॅडमनी त्यांना जिना उतरू दिला नाही. दोघा शिपायांनी त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. त्या रात्रीच त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा काढला. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, ‘‘वाटली ना. ते नाही म्हणाले असते तर माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं.’’ साहेबांनी मॅडमचे आभार मानलेले मी ऐकले नाहीत. मात्र पुढे आमच्यातलं कुणी छातीवर हात ठेवून नुसतं खोकलं, तरी ते आरोग्य केंद्राचा नंबर फिरवत.

मॅडम निवृत्त झाल्या आणि कर्वेनगरच्या घरी राहू लागल्या. लग्न केलं नव्हतं. एक भाची सोबत होती. काही वर्षांनी कळलं की त्यांना कंपवात झालाय. मागच्या थंडीत मी भेटायला गेले. खुर्चीत बसलेल्या होत्या, चेहरा आखडल्यासारखा, बोलणं हळू झालेलं. स्वेटरचं बटण लावायची त्यांची धडपड चालली होती आणि बोटं ऐकत नव्हती. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘‘लावून द्या.’’ मी लावून दिलं.

मग त्यांनी माझी चौकशी केली. मी सांगितलं की पक्षाघात झाल्यापासून आई माझ्याकडे आहे. सकाळी तिचं सगळं आवरून, दिवसभरासाठी बाई लावून मी ऑफिसला येते आणि संध्याकाळपासून पुन्हा मीच. भाऊ वाघोलीला असतो. तो येतो, तास-दीड तास बसतो आणि जातो.

‘‘त्याला सांगितलंत का, काय करायचं ते?’’

मी म्हटलं, त्याला दिसत नाही का?

‘‘नाही दिसत,’’ मॅडम म्हणाल्या. एकेक शब्द जुळवत त्या पुढे बोलल्या. ‘‘मदत मागायला मी हात थरथरायला लागेपर्यंत थांबले. तुम्ही थांबू नका.’’ मग म्हणाल्या, आता मी दमले, तुम्ही निघा.

बसमध्ये मला त्यांचा थोडा रागच आला. माझ्या घरातलं यांना काय माहीत, असं वाटलं. आठवडाभर मी काहीच केलं नाही. मग भावाला फोन केला आणि सरळ सांगितलं की मला हे एकटीला झेपत नाही. मग तो म्हणाला, ‘‘ताई, मला वाटायचं मी केलेलं तुला चालत नाही.’’ शनिवार-रविवार तो मुक्कामाला येऊ लागला. आईला अंघोळ घालायला शिकला. पहिल्यांदा त्याने अख्खी न्हाणी आणि स्वतःचे कपडे भिजवले, आणि किती महिन्यांनी आई हसली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मॅडमच्या भाचीचा फोन आला. मॅडम पहाटे झोपेतच गेल्या होत्या. आठवड्यातला मधला वार होता, भावाचा यायचा दिवस नव्हता. मी भावाला कळवलं आणि तो रजा टाकून आला. आईला भरवायची वाटी त्याच्या हातात देऊन मी निघाले. स्मशानभूमीत विद्यापीठातले बरेच लोक होते. देवधर साहेब काठी टेकत आले होते. त्रिसरण, पंचशील झालं. भाषणं झाली नाहीत, मॅडमनी तसं सांगून ठेवलं होतं.

घरी आले तेव्हा आई झोपली होती. जेवली का, मी विचारलं. भाऊ म्हणाला, जेवली, औषधही दिलं. मी पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळले, तर तो आधीच गॅसपाशी उभा होता.

‘‘तू बस,’’ तो म्हणाला.

मी बसले.