लग्नाच्या कॅसेटमागे आमचं 'फाटक'

ब्रह्मपुरीत हार्ड रॉक वाजवणारे आम्ही चौघंच. आमच्या सरावाने म्हशी पान्हा चोरतात, अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. तरी नागपूरला जाऊन आम्ही एक गाणं रेकॉर्ड केलंच. नाव 'फाटक'. नागभीडच्या बंद रेल्वे फाटकापुढे उभा राहून एक पोरगा 'उघड' म्हणून बोंबलतो, एवढीच त्याची गोष्ट.

गाणारा माझा जिगरी. मार्चअखेरपर्यंत टीव्हीवर दिसलास तर गा, नाहीतर केस काप आणि मामाच्या राइस मिलवर बस, असं त्याच्या बाबांनी बजावलं होतं. एका म्युझिक चॅनलने नव्या बँडचे व्हिडिओ मागवले होते. आमची सगळी भिस्त त्यावर.

व्हिडिओ काढला लग्नाची शूटिंग करणाऱ्या भाऊने. शेतात, धान कापलेल्या बांधीत, नाटक मंडळीचे ड्रम मागून आणून. भाऊ मोठा काटकसरी. सिरोंच्याच्या एका लग्नाच्या कॅसेटमध्ये शेवटी थोडी टेप कोरी उरली होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून त्याने आमचं गाणं तिच्यावरच घेतलं. आणि कॉपी काढायची विसरून, सवयीने ती कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरजवळ देऊन वधूच्या घरी पाठवून दिली. वर तीन महिने 'मिक्सिंगला दिली' म्हणून आम्हाला झुलवलं. खरं कळलं तेव्हा मला त्याचा कॅमेरा विहिरीत फेकावासा वाटला.

पुन्हा काढायचं तर गिटारवाला पुण्याला कंपनीत लागलेला, ड्रम नाटकासोबत गावोगाव फिरत होते. मार्चचे सहा दिवस उरले होते. गाणारा आणि मी सिरोंच्याची बस धरली.

वधूच्या आईने पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मुलीच्या लग्नानंतर महिन्याभरात या बाईचा नवरा वारला होता. त्याचा एकुलता एक फोटो मोठा करायला दिला तो स्टुडिओवाल्याने हरवला. आता हलता-बोलता तो त्या कॅसेटमध्येच होता. चार दिवसांत आणून देतो, पाया पडतो, असं मी म्हणालो. खरंच पडलो. ती मान हलवत राहिली. कॉपी काढायला दुसरा व्हीसीआर अख्ख्या गल्लीत नव्हता.

मग तिने कॅसेट लावली. पांढऱ्या धोतरातला माणूस पंगतीत भात वाढत होता, मुलीला जीपमध्ये बसवत होता, डोळे पुसत होता. जीप गेली. पडदा क्षणभर काळा झाला, आणि बांधीत आम्ही. खांद्यावर केस सोडून माझा दोस्त ओरडत होता. इतका चांगला तो पुन्हा कधी गायला नाही. आम्ही चांगले होतो, खरंच चांगले होतो.

गाणं संपलं. बाई चहा ठेवायला आत गेली. मी कॅसेट काढून पिशवीत टाकली. बस सुटायला दहा मिनिटं होती.

दोस्ताने माझा हात धरला. "ठिवून दे," तो म्हणाला. "ते आपली नाई."

मी त्याला शिवी हासडली. त्याने पिशवीतून कॅसेट काढून स्वतःच परत व्हीसीआरमध्ये सारली. बाई चहा घेऊन आली, तेव्हा मी तिला जरा रागानेच विचारलं, नवऱ्याचं संपल्यावर आमचं गाणं बंद करत असाल ना?

"आधी बंद करत होती," ती तेलुगू वळणाच्या मराठीत अडखळत म्हणाली. "आता नाई. ते गेले की घर लय चूप होते. तुम्ही ओरडता, तर बरं वाटते."

मार्च संपला आणि सोमवारी माझ्या दोस्ताने केस कापले. आजही तो मिलवर कोंड्याच्या धुळीत बसतो, आणि मला विचाराल तर मी ती कॅसेट घेऊन पळायला हवं होतं.