तिरंगी खडी

"चुना लागलेला ढीग मी मोजणार नाही," डेप्युटी इंजिनिअर म्हणाले आणि जीपकडे चालू लागले.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या एका रस्त्याच्या कामावर मी ओव्हरसिअर होतो. बाया खडी फोडून ढीग रचायच्या. आठवड्याला डेप्युटीसाहेब ढीग मोजायचे, त्यावर मजुरी ठरायची. मोजलेल्या ढिगावर चुन्याचं पाणी मारायचं. तोच ढीग पुन्हा मोजला जाऊ नये, म्हणून ही खूण.

पंधरा ऑगस्टला तालुक्याचे पुढारी कामावर झेंडावंदनाला आले. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती. त्यांच्या माणसाने आधी सुचवलं, ढीग तिरंगी करा. मला ते मनापासून आवडलं. वर गेरू, मध्ये चुना, खाली हिरवा. मीच उभं राहून रंगवून घेतलं. ढीग मोजायचे राहिलेत, हे डोक्यातच आलं नाही. पुढारी भाषणात म्हणाले, तुमचा प्रत्येक घाव देशासाठी आहे. माझे डोळे भरून आले होते.

आता मी डेप्युटीसाहेबांच्या जीपमागे धावलो. "साहेब, हे झेंड्याचे रंग आहेत."

"दिसतंय मला. ऑडिटला काय सांगू? देशभक्ती म्हणून दोनदा मोजले?"

टोळीची म्होरकी पारूबाई मागे उभी होती. "रावसाहेब, घरी पीठ न्हाई. आता तुमीच सांगा."

मी म्हणालो, ढीग मोडा. रंगलेले दगड आत घालून पुन्हा रचा. साहेबांना मी परत आणतो.

निम्मे ढीग मोडले असतील, तोवर पुढाऱ्यांचा तो माणूस मोटारसायकलवर आला.

"तिरंगा मोडता? कोणी सांगितलं? त्याचं नाव मस्टरवरून काढायला लावतो." मस्टर म्हणजे हजेरीपट. त्यावरून नाव गेलं की काम गेलं.

पारूबाईने हातातला दगडही खाली ठेवला नाही. "तिरंगा खांबावर हुता. त्यो तुमी त्याच दिवशी नेला. ही आमची खडी हाय."

"लई बोलतीस. नाव काय तुझं?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच मला झोंबलं.

"मी सांगितलं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ढीग मोजले. एकातून हिरवा दगड डोकावत होता. तो त्यांना दिसला नाही, की त्यांनी सोडून दिला, मला माहीत नाही. बायांना मजुरी मिळाली. मला झेंड्याच्या अवमानाबद्दल मेमो मिळाला आणि पुढे बदली.

पारूबाईचा थोरला मुलगा लष्करात आहे, हे मला निघायच्या दिवशी कळलं. तेवढं एक वाक्य ती बोलली असती, तर तो माणूस गप्प बसला असता. तिने मुलाला मध्ये आणलं नाही. मी मात्र झेंडा खडीवर आणून ठेवला होता. हे आजही स्वस्थ बसू देत नाही.

नव्या जागी सव्वीस जानेवारीच्या आधी ढीग रंगवायची सूचना आली. मी म्हणालो, आधी मोजमाप, मग रंग.