पबच्या दिवशी वाढणारी साखर

ज्या पबच्या दारावर कुत्र्यांचे स्वागत आहे अशी पाटी असते, तिथे माणसाचेही स्वागत होईलच असे नाही, हे मी पहिल्या महिन्यातच ओळखले.

कुत्री मुळात माझी नव्हती. मुलीने ती पाळली होती. नोकरीसाठी ती बेसिंगस्टोकला गेली, तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्री ठेवू देत नाहीत म्हणून तिने ती आमच्याकडे, कॉव्हेंट्रीला आणून सोडली. ‘बाबा, फक्त सिक्स मन्थ्स,’ असे म्हणाली. त्याला चार वर्षे झाली होती. काळी लॅब्रॅडोर, नऊ वर्षांची, स्वभावाने आज्ञाधारक, खाण्याच्या बाबतीत मात्र बेभरवशाची. मी इस्पितळातून निवृत्त झालो होतो. सकाळी कुठे जायचे हा प्रश्न आम्हा दोघांनाही होता.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार आम्ही गाडीने वॉरिकशरच्या खेड्यांकडे जात असू. शेतांच्या कडेने तीन मैल चालायचे आणि दुपारी एखाद्या पबमध्ये अर्धा तास टेकायचे. मी मद्य घेत नाही. जिंजर बीअर, म्हणजे आल्याचे बिनदारूचे पेय, आणि चीज-कांद्याचे सँडविच, एवढेच. दाराशी पाण्याचे भांडे असे, काउंटरवर कुत्र्यांच्या बिस्किटांची बरणी असे. जेवणाऱ्यांसाठी गालिच्याची खोली वेगळी. कुत्रेवाल्यांना दगडी फरशीची खोली.

तिथला रिवाज असा, की अनोळखी माणूस सरळ कुत्रीशी बोलू लागतो. ‘काय गं, दमलीस का? कुठून चालत आलीस?’ उत्तर मालकाने द्यायचे, पण विचारणारा पाहणार कुत्रीकडेच. या देशात तीस वर्षे राहून ज्या प्रकारच्या माणसांनी मला कधी एक प्रश्न विचारला नव्हता, ती आता कुत्रीमार्फत माझी सगळी चौकशी करीत. मी कुठे राहतो, पूर्वी काय करीत होतो, परत जाणार आहे का. जे थेट विचारता येते ते आडून विचारणारा काहीतरी लपवत असतो, असा माझा इस्पितळातला अनुभव होता. मी मोजकी उत्तरे देत असे.

अनेक पब पाहून शेवटी कालव्याकाठचा एक कायम केला. त्या वर्षी पबमधले धूम्रपान कायद्याने बंद झाले होते. धूर गेल्यामुळे कोण कुठे बसले आहे आणि काय करते आहे, हे स्पष्ट दिसू लागले. मला ते सोयीचे होते. मालकीण दणकट बांध्याची, कमी बोलणारी. विचारल्याशिवाय बिस्कीट देत नसे. शेकोटीजवळच्या बाकावर रोज एक म्हातारा असे. माझ्याच वयाचा, कालव्यावरच्या बोटींची डागडुजी करण्यात आयुष्य गेलेला. त्याच्यापुढे बीअरचा ग्लास आणि डुकराच्या कातडीच्या तळलेल्या कुरकुरीत तुकड्यांची पिशवी. कुत्री आत शिरली की थेट त्याच्या बुटांपाशी जाऊन बसे. माझ्या बुटांपाशी ती तशी कधी बसली नाही.

त्या शरद ऋतूत कुत्रीला मधुमेह झाला.

पशुवैद्य तरुण बाई होती. तिने मला सावकाश समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला सांगितले की मधुमेहाचे रुग्ण मी तीस वर्षे तपासले आहेत. ती म्हणाली, ‘मग तुम्हाला ठाऊकच आहे. साखर ताब्यात राहिली नाही तर मोतीबिंदू होईल. कुत्र्यांना तो फार लवकर होतो. त्यानंतर काय होते तेही तुम्हाला ठाऊक आहे.’ दिवसातून दोनदा इन्सुलिन, दोनदा मोजून अन्न, मध्ये काही नाही. डाव्या डोळ्यात कडेला किंचित धूसरपणा तेव्हाच दिसत होता.

साखर पाहण्यासाठी लघवी धरावी लागे आणि त्यात कागदी पट्टी बुडवावी लागे. पट्टी फिकट राहिली तर ठीक, गडद झाली तर साखर. मी सकाळी सात वाजता बागेत कुत्रीच्या मागे डाव घेऊन उभा राहत असे.

‘अहो, तो आमटीचा डाव आहे,’ बायको खिडकीतून म्हणाली.

‘दुसरा आण.’

‘आता दुसरा आणावाच लागेल. शेजारची बाई पडद्याआडून बघतेय. काय वाटत असेल तिला?’

‘बघू दे.’

तीन आठवडे मी वहीत नोंदी ठेवल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार: सकाळी फिकट, दुपारीही फिकट. मंगळवार, गुरुवार, शनिवार: सकाळी फिकट, पबमधून परतल्यावर गडद. एकदाही अपवाद नाही. एवढा स्वच्छ पुरावा मला नोकरीतही क्वचित मिळाला होता. घरी मी बायकोला विचारले, ‘तू तिला काही खायला देत नाहीस ना?’ ती म्हणाली, ‘मी कशाला देऊ?’ त्यावर मी तो विषय मिटवला आणि पबकडे लक्ष वळवले.

मी जागा बदलली. शेकोटीसमोर, जिथून सगळ्यांचे हात दिसतील अशा खुर्चीत बसू लागलो. म्हाताऱ्याचा उजवा हात वारंवार बाकाखाली जाई. कुत्रीचे डोके तिथेच असे. तो डोके खाजवतो की काही देतो, हे ओव्हरकोटाच्या घेरामुळे दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी कुत्रीचे तोंड हललेले मी पाहिले. निदान मला तसे वाटले.

मी उठून त्याच्यासमोर गेलो. ‘माझ्या कुत्रीला मधुमेह आहे. तुम्ही तिला जे देता त्याने ती आंधळी होईल.’

त्याने ग्लास खाली ठेवला. ‘मी तिला काही देत नाही, डॉक्टर.’

‘मी नोंदी ठेवल्या आहेत.’

‘कशाच्या?’

‘ती इथे येते त्या दिवशीच तिची साखर वाढते.’

‘मग इथे येऊ नका,’ तो म्हणाला. मग कुत्रीकडे नव्हे, माझ्याकडे पाहत तो म्हणाला, ‘तुम्ही सांगितलंत की ती आजारी आहे, तेव्हापासून एक कणही दिलेला नाही. ते तुम्हीच मालकिणीला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.’

मालकीण काउंटरमागून म्हणाली, ‘तो खोटं बोलणाऱ्यातला नाही, डॉक्टर.’

रुग्णांचे नातेवाईक नेहमी हेच म्हणतात. मी माझ्या जागेवर जाऊन सँडविच संपवले. त्यानंतर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या गार जागेत बसू लागला. कुत्री पट्टा ताणून तिकडे पाहत राही. मला वाटले, आता पट्टी फिकट येईल. ती गडदच आली. याचा अर्थ मी असा काढला, की देणारा दुसरा कोणीतरी आहे, किंवा तो म्हातारा माझ्यापेक्षा हुशार आहे. पब सोडावा असे मात्र मनात आले नाही. त्याचे कारण मी स्वतःला विचारले नाही.

मग मी एक गोष्ट केली, जी एखाद्या कनिष्ठ डॉक्टरने केली असती तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढले असते. पशुवैद्येला न विचारता, पबच्या दिवशी सकाळी मी इन्सुलिन दोन युनिट वाढवले. दुपारी साखर वाढणारच आहे, तर तिची तजवीज आधीच करावी, असा हिशेब. त्या आठवड्यात पट्ट्या फिकट आल्या. मी समाधानी होतो.

नोव्हेंबरमध्ये बायको दहा दिवसांसाठी मुलीकडे गेली. पुढच्याच मंगळवारी मी सकाळी वाढीव इन्सुलिन दिले, नेहमीचे अन्न दिले, आणि आम्ही निघालो. चिखल फार होता. चालताना कुत्री दोनदा थांबली. मी ओढत नेले. पबमध्ये शिरल्यावर ती चार पावले तिरकी चालली, फरशीवर बसली आणि एका कुशीवर आडवी झाली. पाय थरथरू लागले. डोळे उघडे होते, पण ते कशाकडेही पाहत नव्हते.

हे काय आहे ते मला दाराशीच कळायला हवे होते. ‘साखर,’ मी म्हणालो. ‘साखर आणा.’

सर्वांत आधी उठला तो म्हातारा. काउंटरवरची सरबताच्या पाकाची बाटली त्याने उचलली, फरशीवर गुडघे टेकले आणि कुत्रीचे डोके मांडीवर घेतले. ‘कुठे लावू?’

‘हिरड्यांवर. घशात ओतू नका.’

तो ओठ वर करून धरत होता आणि मी बोटाने पाक चोळत होतो. त्याच्या नखांत तेलाचा काळेपणा होता. दहा मिनिटांनी तिने जीभ बाहेर काढली. वीस मिनिटांनी ती उठून बसली आणि ओले बोट चाटू लागली. बोट त्याचे होते.

मी खुर्चीत बसलो, तेव्हा लक्षात आले. साखर कमी पडली होती. म्हणजे पबच्या दिवशी जी कुठूनतरी मिळत होती ती आज मिळाली नव्हती. पबमध्ये काहीच बदललेले नव्हते: तीच माणसे, तोच म्हातारा, तेच अंतर. बदल एकच होता. माझ्या घरात कोणी नव्हते.

त्या दुपारी मी मुलीकडे फोन केला. बायकोने उचलला.

‘कुत्रीला सकाळी तू काय देत होतीस?’

‘काही नाही.’ मग जरा थांबून, ‘प्रसाद देते. तुम्ही बूट घालत असता तेव्हा. एक पेढा. कधी दोन.’

‘रोज?’

‘रोज कशाला? त्या पबला निघता तेव्हा. तिथे दारू, मांस. मुकं जनावर, देवाचं काहीतरी पोटात असावं.’

‘मी तुला विचारलं होतं, तिला काही खायला देतेस का.’

‘खायला कुठे देते? प्रसाद तो. आणि तुम्ही एकदा विचारलंत आणि गेलात. बाकी सगळी उलटतपासणी त्या पबातल्या लोकांची चाललेली.’ मग तिच्या आवाजात फरक पडला. ‘का हो? काय झालं तिला?’

मी सांगितले.

‘तुमच्यासाठी काढलेला असायचा तो,’ ती म्हणाली. ‘तुम्ही घेत नाही. ती घेते.’

आपल्या लोकांत साखर का वाढते, हे मी कनिष्ठ डॉक्टरांना वर्षानुवर्षे शिकवले होते. गोड बंद आहे असे शपथेवर सांगणाऱ्या बाईला पुढचा प्रश्न ठरलेला विचारायचा: प्रसादही धरून सांगा. निम्म्या रुग्णांचे उत्तर तिथे बदलते. हा प्रश्न मी स्वतःच्या स्वयंपाकघरात विचारला नाही. गुन्हेगार कालव्याकाठी बसला आहे, हे माझे आधीच ठरले होते. आणि तो तिथेच असावा अशी माझी इच्छाही होती.

पशुवैद्येकडे जाऊन मी वाढवलेल्या दोन युनिटांसह सगळे सांगितले. तिने मला जे सुनावले ते योग्य होते. डोळा तपासून ती म्हणाली, धूसरपणा वाढलेला नाही, अजून वेळ आहे.

गुरुवारी मी पबमध्ये गेलो. म्हातारा दाराजवळच होता.

‘माझी चूक होती,’ मी म्हणालो. ‘साखर माझ्या घरातून जात होती.’

‘कोण देत होतं?’

‘माझी पत्नी.’

त्याने मान हलवली. ‘बायका,’ असे काही तो म्हणेल असे मला वाटले. तो म्हणाला, ‘पण मी दिली असं तुम्हाला खरंच वाटलं होतं.’

‘हो.’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘हो.’

‘निदान आता खरं बोलता आहात,’ तो म्हणाला आणि ग्लास घेऊन शेकोटीजवळच्या बाकावर परत गेला. बसल्यावर त्याने मला विचारले, ‘आणि आता? तिला हात लावू?’

‘लावा. दोन्ही हात मला दिसतील असे.’

तो मालकिणीकडे वळला. ‘ऐकलंस? माफी मागायला आलाय हा.’ ती हसली. मी हसलो नाही, पण समोरची खुर्ची सोडून बाकावर बसलो.

बायको परतल्यानंतरचा तो पहिला मंगळवार होता. मी दाराशी बूट घालत होतो. ती देव्हाऱ्यापाशी उभी होती, हातात पेढा. कुत्री दोघांच्या मधोमध बसली होती. ही गोष्ट कशी बंद होणार, यावर आम्ही दोघांनी काहीच बोलणे केले नव्हते.

‘तिला नाही देत,’ बायको म्हणाली.

‘ठीक.’

‘पण काढलाय.’

मी बुटाची नाडी बांधली. चाळीस वर्षे मी त्या देव्हाऱ्यातले काही घेतले नव्हते, आणि त्यामागची माझी कारणे अजूनही मला पटतात. मी हात पुढे केला. तिने पेढा तळहातावर ठेवला आणि मी तो खाईपर्यंत ती तिथून हलली नाही. मी तो खिशात टाकीन अशी तिला शंका होती. कुत्रीही हलली नाही. पेढा संपल्यावर तिने माझा हात नीट हुंगून पाहिला, दुसराही पाहिला. मग मी पट्टा अडकवला आणि आम्ही निघालो.